लेकीच्या घरचं पाणी

दुष्काळात माणसं पाण्याच्या शोधात घर सोडतात. आमचे अप्पा घरचं पाणी बरोबर घेऊन निघायचे. लातूरजवळच्या आमच्या मुरुडला आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा, विहिरींचे तळ दिसायला लागले होते, आणि अप्पा खाकी कापडाची छागल तोंडापर्यंत भरून, बूच घट्ट लावून, खांद्याला अडकवून धर्माबादची वाट धरायचे. धर्माबाद म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं सासर. तिच्या परसातल्या विहिरीला त्या वर्षीही चांगलं पुरुषभर पाणी होतं. म्हणजे कोरड्या गावचं पाणी ओल्या गावाला, दोन एसट्या आणि एक रेल्वे बदलून. शेजारी बसलेला प्रवासी हमखास विचारायचा, "काका, हे पानी घेऊन कुठं?" अप्पा म्हणायचे, "लेकीकडं." तेवढ्यावर त्या माणसाला सगळं कळायचं आणि तो मान डोलवून खिडकीबाहेर बघायला लागायचा.

रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. लग्न करून दिलेल्या लेकीला पहिलं मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. हे कुणी ठरवलं, कशासाठी ठरवलं, असं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आईने त्यावर साधा उपाय काढला होता, ती जायचीच नाही. "जाऊन कोरडं बसायचं आन त्यांनाबी जेवताना अवघड करायचं, त्यापरीस हितंच बरी," म्हणायची. अप्पांना ते जमत नव्हतं. अक्काला बघून तीन-चार महिने झाले की ते दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसायला लागायचे, आणि मग आईच फडक्यात धपाटे बांधून द्यायची. मी धाकटी बहीण, मला हा नियम लागू नव्हता. अप्पा ओट्यावर बसून छागलीतलं कोमट पाणी पीत असताना मी आत बसून भात आणि अंबाडीची भाजी हाणायचे, आणि मला त्याचं काहीही वाटायचं नाही.

परवा इथे नांदेडला माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, घरी आले. भर उन्हातून आले होते. चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला, बाटली काढून उभ्याउभ्या घटाघटा प्याले आणि मग मला म्हणाले, "ताई, कशा आहात?" लग्नाला अजून सहा महिने झालेले नाहीत. मला असं काही हसू फुटलं की त्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्यांना तेव्हा काही सांगता आलं नाही. म्हणून हे प्रकरण लिहायला बसले आहे.

आमचं मुरुडला भांड्यांचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. मधला दरवाजा बंद असला तरी पुढे काय खपतंय ते आईला आवाजावरून कळायचं. पितळी घागरीला टिचकी मारली की ती लांबवर वाजत राहायची, स्टीलची लगेच गप्प व्हायची. त्या दुष्काळात ताट-वाट्या धूळ खात पडल्या आणि घागरी-कळश्या तेवढ्या खपल्या. प्लास्टिकचे हंडे नुकतेच बाजारात आले होते. अप्पांना त्यांचा मनस्वी तिटकारा. "पानी मावतंय त्यात, पन आवाज हाय का?" असं ते दुकानात येईल त्याला विचारायचे, जणू लोक हंडे ऐकायलाच विकत घेतात. घरात रोज येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, कारण तिला भाजी लागत नाही, आणि ज्वारीची भाकरी. पीठ मळताना आई पाण्याकडे असं बघायची की हात आपोआप आखडायचा. जेवून झालं की ताटं राखेने घासून फडक्याने पुसून ठेवायची, विसळायची नाहीत. भांडीवाल्याच्या घरात एक ताट धुतलेलं नव्हतं.

त्याच सुमारास आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबादमधून लातूर वेगळं निघालं. अप्पांची शाळा निजामाच्या वेळची, चौथीपर्यंत उर्दूत झालेली. त्यांना कुठल्याशा मौलवींनी लहानपणी सांगितलं होतं की जिल्हा या शब्दाचा मूळ अर्थ बरगडी. तेवढं त्यांना पुरलं. कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकाला घागर बांधून देताना सांगायचे, "उस्मानाबादची एक बरगडी काढली आन लातूर केलं, हाव का न्हाई?" हापशाच्या रांगेत बायकांची वेगळीच तऱ्हा. आमच्या गल्लीत ढोकीकडून दिलेली एक बाई होती. ढोकी मुरुडपासून जवळ, पण ती राहिली उस्मानाबादेत. तर ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बया, माझं म्हायेर परजिल्ह्यात गेलं की! आता चोळी-बांगडीला भाऊ येतोय का न्हाई?" सगळी रांग हसली. तिचा भाऊ पुढच्याच बाजाराला आला आणि आमच्याकडूनच घागर घेऊन गेला.

मी तेव्हा लातूरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. मराठीच्या सरांनी सगळ्यांना एक काम दिलं होतं, आपापल्या गावातले शब्द गोळा करून आणा. कुणी औताचे घेतले, कुणी सुतारकामाचे. मी लग्नाने जुळणाऱ्या नात्यांचे घेतले, कारण त्यासाठी कुठे जावं लागत नव्हतं. हापशापाशी घागर रांगेला लावली की दोन-तीन तासांची निश्चिंती, आणि रांगेतली प्रत्येक बाई कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी नणंद होतीच. वही काढली की त्या आधी लाजायच्या आणि मग थांबायच्या नाहीत. सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी का म्हणायचं, असं मी विचारलं तर एक म्हातारी माझ्या अज्ञानाला हसली. "आगं, आमच्या टायमाला आत्याच्या न्हाईतर मामाच्याच घरात द्यायचे. मग आत्या सासू झाली म्हनून काय नाव बदलायचं व्हय?" पुढे परक्या घरात मुली जायला लागल्या तरी हाक तीच राहिली. देगलूरची एक सुतारीण होती, ती म्हणायची, आमच्या तिकडे व्याह्याला तेलुगूत वियंकुडु म्हणतात. निलंग्याकडची दुसरी लगेच पुढे सरसावली, आमच्याकडे कानडीत बीगरु. अशा वेळी रांग पुढे सरकायची आणि आमच्या घागरी मागेच राहायच्या, त्यावरून शिव्याही खाल्ल्या.

आठवड्याने वही सरांपुढे ठेवली की ते शब्दांची मागची वाट दाखवायचे. सासू ही संस्कृतातली श्वश्रू, सून म्हणजे स्नुषा, दीर म्हणजे देवर, भावजय म्हणजे भ्रातृजाया, भावाची बायको. जाऊ हा एवढासा शब्द, पण तोही यातृ असा फार लांबून आलेला. नणंदेशी ते थांबले. जुन्या पंडितांनी तिचा अर्थ लावला आहे, कशानेच आनंदत नाही ती. "हा अर्थ खरा की खोटा देव जाणे," सर म्हणाले, "पण ज्याने लावला त्याच्या बायकोने त्याला रोज रात्री काय ऐकवलं असेल ते कळतं." आणि व्याही म्हणजे वैवाहिक, विवाहामुळे झालेला. त्याला दुसरं काही मूळच नाही. रक्त नाही, ओळख नाही, मुलांची लग्नं झाली म्हणून हा आपला. मी ते वहीत लिहून घेतलं आणि घरी अप्पांना वाचून दाखवलं. त्यांना साडू या शब्दातच जास्त रस. "उर्दूत साडूला हमजुल्फ म्हंतेत," ते म्हणाले. "एकाच जुल्फात आडकलेले दोघं." आई आतून ओरडली, "पोरीपुढं काय बोलून राहिले!" अप्पा दिवसभर मिशीत हसत होते.

तोवर छागलीचंही हसूच होतं. अक्काचे मामंजी, काशिनाथप्पा, धर्माबादला मिरचीचे व्यापारी. त्यांच्या घरात पाऊल टाकलं की पाहुणा आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. माणूस धिप्पाड, आवाज मात्र बारीक आणि बोलणं मोजकं. अप्पा छागल उघडायला लागले की ते म्हणायचे, "व्याही, मुरुडचं पानी गोड लागून राहिलं वाटतं," आणि दोघं हसायचे. मग लग्नाच्या तिसऱ्या वर्षी अक्काला दिवस गेले. अप्पांनी दुकानात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. छागल खुंटीला टांगून ती धूसुद्धा देईनात कुणाला, म्हणायचे, आता एकच खेप राहिली हिची. पाचव्या महिन्यात ते सगळं संपलं. धर्माबादहून माणूस आला, आईने पदर तोंडात धरला, आणि अप्पा दुकान बंद करून दिवसभर आत नुसते बसून राहिले. महिन्याभराने त्यांनी छागल खुंटीवरून काढली. मी परीक्षा संपवून घरीच होते, मलाही बरोबर घेतलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तीच वस्तू तेच माणूस त्याच ओट्यावर उघडतं आणि तरी सगळं बदललेलं असतं. अप्पा बसले. अक्काच्या सासूबाईंनी रीतीप्रमाणे तांब्या-फुलपात्र आणून ठेवलं, अप्पांनी रीतीप्रमाणे हात जोडले, सासूबाईंनी ते भरलेलं फुलपात्र उचलून आत नेलं. अप्पांनी बूच काढलं. काशिनाथप्पा यावेळी काही बोलले नाहीत. समोरच्या ओट्यावर लक्ष्मव्वा नावाची शेजारीण मिरच्यांची देठं खुडत बसली होती. तिने मोठ्याने, अगदी मायेने विचारलं, "काय वो महानंदा, बापानं आजूनबी छागलच आनली का?" महानंदा म्हणजे आमची अक्का. ती दाराआड उभी होती, तिथून आत निघून गेली. मी मागोमाग गेले. चुलीवर तांदूळ शिजत होते आणि ती त्यांच्याकडे पाठ करून उभी होती.

"उमे," ती म्हणाली, "अप्पांना सांग, येत जाऊ नका म्हनावं."

मी म्हटलं, "अगं, ते तुला बघायलाच येतात."

"मला म्हाईत हाय. पन ते आले की समद्या गल्लीला कळतं, हिला आजून लेकरू न्हाई. मीच इसरलेली आसते कधी कधी, दोन-चार दिवस. मग अप्पा येतेत छागल घेऊन." तिने डोळे पुसले, भाताखालची लाकडं मागे ओढली आणि मला नेहमीसारखं वाढलं. मी भात नुसता चिवडत बसले. तीन वर्षं मी त्या घरात बिनदिक्कत जेवले होते आणि बाहेर ओट्यावर काय चाललंय, आत अक्काला काय होतंय, याचा एकदाही विचार केला नव्हता. मला स्वतःची फार लाज वाटली.

अप्पांना "येऊ नका" असं सांगायचं माझ्यात धाडस नव्हतं. ते शब्द ऐकून ते परत कधीच गेले नसते, आणि झुरून मेले असते. तेव्हा मी परतीच्या गाडीत वहीचा आधार घेतला. आमची एक चुलती, अप्पांच्या चुलतभावाची बायको, ही काशिनाथप्पांची सख्खी बहीण. म्हणजे अक्काचं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून काशिनाथप्पा अप्पांचे मेहुणे. मी म्हटलं, "अप्पा, काकांच्या लग्नाला तुम्ही वऱ्हाडात होता ना?"

"हाव. लई मोठं लगीन झालं."

"जेवला कुठं?"

"तिथंच की. त्याच ओट्यावर पंगत व्हती. पाच जिलब्या खाल्ल्या मी."

"आणि पाणी?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ते हुशार होते, मी कुठे निघाले आहे ते त्यांना लगेच कळलं. "त्याच हिरीचं," ते म्हणाले. "पन तवा आपन मुलाकडचे व्हतो, पोरी."

"मेहुण्याच्या नात्याने प्या मग. ते नातं जुनं आहे. व्याही तर काल झाले."

ते इतके खूश झाले की समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "आमची पोरगी कालेजात हाय. वकिलाला ऐकत न्हाई." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लेक दिली की मागलं समदं पुसलं जातं, उमे. आता मी फक्त लेकीचा बाप." आणि उरलेलं पाणी मला प्यायला दिलं. माझी सगळी विद्या तिथे संपली.

घरी आल्यावर मी अक्काला पत्र लिहिलं, आणि त्यात एक मूर्खपणा केला. घरात पोस्टकार्डं होती, आंतरदेशीय संपलं होतं, आणि दुपारचं टपाल निघायच्या आत पत्र टाकायची घाई. मी पोस्टकार्डावरच बारीक अक्षरात लिहून टाकलं, "तू सांगितलेलं अप्पांना सांगायचा धीर होत नाही. त्यांनी छागल आणली की तुला रडू येतं, हे त्यांना कळलं तर ते तोंड दाखवणार नाहीत. काय करू ते कळव." पोस्टकार्ड ही गावाने वाचायचीच चीज. आमच्या मुरुडच्या पोस्टमनला अर्ध्या गावची बाळंतपणं आईबापांच्या आधी ठाऊक असायची. हे मला पत्र पेटीत पडल्यावर आठवलं. मी पेटीच्या फटीत हातही घालून पाहिला.

दहाएक दिवसांनी सकाळी नऊच्या सुमारास दुकानापुढे कुणीतरी शिंकलं. पाहते तर काशिनाथप्पा. आदल्या रात्री लातूरला भाच्याकडे मुक्काम करून पहिल्या गाडीने आले होते. "शरणार्थी," असा आमच्यातला नमस्कार म्हणत त्यांनी हात जोडले, अप्पांनी गादी झटकली, आईची आत धावपळ उडाली. टँकरचं पाणी ती दुहेरी फडक्यातून गाळून तांब्याच्या हंड्यात ठेवायची, त्यातलं सगळ्यात वरचं, नितळ, तिने चांदीच्या फुलपात्रात दिलं. काशिनाथप्पांनी फुलपात्राला नमस्कार केला आणि बाजूला सरकवलं. मग खांद्यावरची पिशवी उघडली आणि आतून काढली एक छागल. नवीकोरी, अजून कापडाचा वास जात नव्हता. बूच काढलं आणि दोन घोट प्याले.

अप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पाव्हनं, हे काय?"

"पानी. धर्माबादचं."

"आमच्या घरचं पानी वंगाळ हाय का?"

"न्हाई हो. निर्मळ दिसून राहिलं."

"मग?"

"सुनंला लेकरू झालं की घीन मी तुमच्या घरचं पानी. तवर न्हाई."

अप्पा उभेच राहिले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी घागरी खाली ठेवल्या. "मुलाच्या बापाला कुठं आसा रिवाज आसतो? मी आजवर ऐकला न्हाई!" अप्पांचा आवाज चढला. "आमच्या दारात येऊन, उन्हातान्हाचं, पाव्हना कोरडा बसनार? लोक काय म्हंतील? माझ्या घरात असं काय झालंय? माझी बायको आत कसनुशी झाली आसंल!" खरंच आई मधल्या दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आसंच होतं, व्याही," काशिनाथप्पा त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले. "आमच्या घरातबी आसंच होतं. तीन साल झाले. माझी बायको भरलेलं फुलपात्र घेऊन येती आन भरलेलं परत नेती. ते एक खपून गेलं. पन सून चुलीपुढं बसून रडून राहिली, ते मला म्हाईत नव्हतं. परवा कळलं." त्यांनी खिशातून माझं पोस्टकार्ड काढून गादीवर ठेवलं.

अप्पांनी ते वाचलं. मराठी ते सावकाश वाचायचे, बोट ठेवून. माझं अक्षर बारीक, त्यामुळे आणखी वेळ लागला. कधी एकदा जमीन फाटते आणि मी आत जाते असं मला झालं होतं. वाचून झाल्यावर ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "येऊ नका म्हनाली?"

मी मान डोलवली.

"तू सांगितलं न्हाई."

"तुम्ही परत गेलाच नसता, अप्पा."

त्यांनी पोस्टकार्ड उलटून मागची बाजू पाहिली. तिथे पत्त्याशिवाय काही नव्हतं. "मला वाटायचं, मी पाळतोय म्हनून तिची इज्जत राहती सासरी," ते म्हणाले. हे ते मला नाही, आईला सांगत होते. मग त्यांनी खुंटीवरची टोपी घातली, गिऱ्हाइकांना म्हणाले, "उद्या या," आणि दुकानाची फळी लावायला घेतली. आई म्हणाली, "अहो, भाकर तरी खाऊन जा." ते थांबले नाहीत. मी चपला शोधत होते तेवढ्यात काशिनाथप्पा उठले, मधल्या दारापाशी गेले आणि म्हणाले, "विहीनबाई, आता द्या पानी. जीव कासावीस होऊन राहिला. आमच्या छागलीला कापडाचाच वास मारतो." आईने हसत-रडत तांब्या दिला आणि तो त्यांनी तिथेच रिकामा केला.

आम्ही तिघं धर्माबादला निघालो. लातूरला एसटी बदलली, स्टँडवरच्या पाणपोईपाशी मी त्यांना म्हटलं, अप्पा, घोटभर घ्या. नको म्हणाले. अहमदपूरला काशिनाथप्पांनी उसाचा रस पुढे केला, तोही नको. लोह्याला गाडी तापून अर्धा तास उभी राहिली, खिडकीचा पत्रा हाताला चटका देत होता, तरी नको. मला वाटलं, रागावले आहेत आणि स्वतःच्याच जिवावर उठले आहेत. नांदेडला रेल्वेत चढताना त्यांचा पाय अडखळला तेव्हा मी रडायला लागले. तर म्हणाले, "गप. तहान मोडायची न्हाई मला." तेव्हा मला कळलं आणि मी परत एकदाही पाणी विचारलं नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. अक्काला पुढे मूल झालंच नाही. डॉक्टर झाले, माहूरचा नवस झाला, सगळं झालं. दोघं नवरा-बायको आता थकली आहेत आणि एकमेकांवर खेकसत मजेत आहेत. रिवाजाप्रमाणे वाट पाहिली असती तर अप्पा जन्मभर तिच्या दारात कोरडे बसले असते, आणि आईने तर ते दार पाहिलंच नसतं. त्या उन्हाळ्यानंतर आई वर्षातून दोनदा जायला लागली आणि तिथला भात तिला इतका मानवला की येसराच्या आमटीला ती नावं ठेवायला लागली. पण त्या दिवशी हे काही कुणाला ठाऊक नव्हतं.

धर्माबादला गल्लीत शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बायका ओट्यांवर येऊन बसल्या होत्या, लक्ष्मव्वाही होती. अप्पांचे ओठ फुटले होते आणि धोतराच्या निऱ्या धुळीने लाल झाल्या होत्या. काशिनाथप्पा दहा पावलं मागेच थांबले, मुद्दामच. अप्पा पायरीवर बसले आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की मी दचकले. भांडी विकतानासुद्धा त्यांचा आवाज मी इतका मोठा ऐकला नव्हता.

"महानंदा! पानी आन गं!"

अक्का दारात आली. तिने आधी त्यांच्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समोरच्या ओट्यावरचे हात थांबले होते. ती खाली वाकली आणि त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अप्पा, मला आजून काई न्हाई हो."

"मी तुझ्याकडं आलोय," अप्पा म्हणाले, आणि ते मात्र हळू बोलले नाहीत. "नातवंडाकडं न्हाई. जा, पानी आन."

ती आत पळाली. परसात रहाट खडखडला. पाणी येईपर्यंत अप्पा पायरीवर बसून समोरच्या बायकांकडे एकेक करून बघत होते, सगळ्यांचं लक्ष आहे ना, याची खात्री करत. अक्का तांब्या घेऊन आली, तिचा पदर अर्धा भिजला होता. अप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला, मानेवरून ओघळ येईपर्यंत प्याले, आणि रिकामा तांब्या तिच्यापुढे धरून म्हणाले, "आनखी."